खर्ज

एप्रिलातल्या एका मंगळवारी, मॉन्तेविदेओच्या पोसीतोस भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, लामासबाई मला म्हणाल्या, "मास्तर, हा अगदी खालचा सूर अजून घुरघुरतोय हो," आणि मी पियानोची ती पट्टी पुन्हा दाबली तेव्हा मला काहीही ऐकू आलं नाही. आत हातोडी तारेवर बसल्याचा लाकडी टक् तेवढा आला. त्यानंतर जे यायला हवं, जे तीस-बत्तीस वर्षं येत होतं, ते आलं नाही. मी पुन्हा दाबली, जोरात दाबली. बाई दारातच उभ्या होत्या. स्वयंपाकघरात मोलकरीण चमचे धूत होती, त्यातला एकेक चमचा मला वेगळा ऐकू येत होता. शेजारच्या गच्चीतला पिवळा पक्षी तर कानात येऊन बसल्यासारखा ओरडत होता. पण खिडकीखालून समुद्ररस्त्याने एक बस गेली ती चित्रातली गेल्यासारखी गेली. मी पियानोच्या खालच्या फळीवर तळवा ठेवला, लाकडाची थरथर हाताने जोखली आणि तार आवळली. "आता?" मी विचारलं. "आता बरा वाटतोय," बाई म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता म्हणाल्या. पुढच्या खेपेला त्यांनी दुसऱ्या माणसाला बोलावलं.

मी डॉक्टरकडे गेलो नाही. गेलो असतो तर त्याने त्या गोष्टीला नाव दिलं असतं, आणि नाव मिळालं की ती माझ्या घरात राहायला आली असती. मी एकटा राहतो. मला पाहुणे आवडत नाहीत. त्याऐवजी मी शहरभर स्वतःची परीक्षा घेत हिंडायला लागलो. बायकांचं, मुलांचं बोलणं, किल्ल्या, शिट्ट्या, काचा, चिमण्या हे सगळं जसंच्या तसं होतं. पुरुष मात्र एकेक करून विझत चालले होते. कोपऱ्यावरचा पेपरवाला आधी गेला, मग खालचा खाटीक. त्यांचे ओठ हलायचे, वरवरचे फुसफुसणारे उच्चार यायचे, पण आवाजाचा तळ नाहीसा. मी ओठ वाचायला शिकलो, माणसांच्या समोर उभं राहायला शिकलो, हसून मान डोलवायला शिकलो. पन्नाशी उलटलेला एक पियानो जुळवणारा, ज्याचा खर्ज गेलाय! सुतार एका हाताने काम करू शकतो, पण माझं काय करायचं? रात्री अंथरुणात मी स्वतःशी मोठ्याने बोलून बघायचो. माझा आवाज मला हाडांतून यायचा, आणि तेवढ्यावर मी झोपायचो.

या सगळ्यात एका माणसाची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती, तो म्हणजे दार्दो एचेनिके. भीती अशासाठी की त्याचा आवाज जगातला सगळ्यात खालचा आवाज. शाळेत भूगोल शिकवतो. तिसऱ्या वर्गात तो अँडीज पर्वत उभा करायला लागला की पहिल्या वर्गातली पोरं वही उघडतात, असं म्हणतात. आम्ही सतरा वर्षांचे असल्यापासून एकत्र होड्या हाकल्या, बुसेओच्या बंदरात एकाच फळीवर बसून उन्हात भाजलो, त्याच्या लग्नात मी पियानो वाजवला आणि त्याच्या बायकोच्या अंत्ययात्रेला शवपेटीची एक कडी धरली. आणि माझ्या कानाची जी काही कीर्ती आहे ती याच माणसाने पसरवली. बावीस वर्षांपूर्वी आम्ही धुक्यात सापडलो होतो, नदीच्या मुखातल्या वाळूच्या त्या मोठ्या दांड्याजवळ, जिथे शेकडो जहाजं फुटलीत. मी म्हणालो, "थांब, डावीकडे लाटा फुटतायत," आणि कुणालाच ऐकू येत नव्हतं, आणि दार्दोने सुकाणू फिरवलं, आणि धुकं उठलं तेव्हा ढेकूळ टाकलं तर पोचेल एवढ्या अंतरावर पांढरा फेस होता. तेव्हापासून प्रत्येक रविवारी मांस निखाऱ्यांवर चढलं की दार्दो ती गोष्ट सांगायचा. त्या गोष्टीतलं अंतर दरवर्षी थोडं कमी व्हायचं. "रडारबिडार श्रीमंतांना लागतं," तो म्हणायचा, "आमच्याकडे मास्तर आहे." मी नको नको म्हणायचो आणि मनातून फुलायचो. आयुष्यात दुसरं काही फुलण्यासारखं घडलं नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही.

त्या वर्षी दार्दोने ब्राझीलमध्ये, रिओ ग्रांदीला, एक जुनी लाकडी होडी घेतली होती. अकरा मीटरची, एका डोलकाठीची. तिचं नाव त्याने ठेवलं 'तेरो', म्हणजे टिटवी. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ती घरी आणायची ठरली. मी आठवडाभर आधी जाऊन होडीवर राहिलो, फटी बुजवल्या, दोर बदलले. दार्दो आणि त्याची मुलगी इलियाना सत्तावीस तारखेला सकाळी बसने आले. इलियाना गुराढोरांची डॉक्टर, अठ्ठावीस वर्षांची, बापाएवढीच उंच. मला लहानपणापासून काका म्हणते आणि माझ्याकडून पियानो शिकायचा तिने तीनदा प्रयत्न केला. बसमधून उतरल्या उतरल्या दार्दो धक्क्यावर उभा राहिला, पाण्याच्या डबक्यांकडे त्याने बघितलं, ओल्या शिडांकडे बघितलं आणि त्याचे डोळे लकाकले. कारण आमच्या देशात ऑगस्टच्या शेवटी माणसं एकाच गोष्टीची वाट बघत असतात. तीस तारीख ही सांता रोसा या संतिणीची, आणि तिच्या आगेमागे पाच दिवसांत तिचं वादळ येतंच. हवामानखातं काय वाटेल ते म्हणो, धोबीण कपडे वाळत घालताना हाच विचार करते आणि मंत्रीही. एकदा ते येऊन गेलं की माणसं सुटकेचा श्वास टाकतात: झालं, गेली बाई एकदाची. आता उन्हाळ्यापर्यंत चिंता नाही. मात्र दरवर्षी वाद होतो की जे आलं ते तिचंच की दुसरं कुठलं. आणि त्याची कसोटी आम्हा सगळ्यांना पाठ आहे. नुसता वारापाऊस तिचा नव्हे. गडगडायला हवं.

"मास्तर, काल संध्याकाळी इथे काय झालं?" दार्दोने विचारलं. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो.

"पाऊस. वारा. तासभर."

"आणि गडगडलं का?"

आदल्या संध्याकाळी मी केबिनमध्ये बसून होतो. पाऊस छतावर ताडताड वाजत होता, तो मला ऐकू येत होता. खिडकीतून दोनदा उजेड दिसला होता, निळसर. पण पलीकडे जहाजं दुरुस्त करण्याचा कारखाना होता आणि तिथे दिवसभर लोखंड जोडायचं काम चालायचं, तो उजेडही तसाच निळा. तो उजेड पडल्यावर मी थांबलो होतो, श्वास रोखून कानोसा घेतला होता. काही आलं नव्हतं. पण माझ्या कानाला काही आलं नाही याचा आता काय अर्थ होता? आकाश दुभंगलं असतं तरी मला आलं नसतं. "माहीत नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण त्या वेळी होडीवर एकटा असलेला मी, मास्तर, ज्याने धुक्यात लाटा ऐकल्या, त्याने ढग गडगडले की नाही हे माहीत नाही असं म्हणायचं? का माहीत नाही, मास्तर? झोपला होतात? मग मला पुढचंही सांगावं लागलं असतं.

"हो," मी म्हणालो. "गडगडलं. दोनदा."

खोटं बोलणारा नेहमी आकडा सांगतो. दार्दोने माझ्याकडे बघितलं, जरा लागेल त्याहून जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं, पण त्या दिवसांत मला सगळेच तसे बघतायत असं वाटायचं. मग त्याने टाळी वाजवली. "बस्स! गेली बाई. उद्या पहाटे निघू."

"बाबा, तीस तारीख अजून व्हायचीय," इलियाना म्हणाली.

दार्दो माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलला. तोंड वळवलेलं होतं, त्यामुळे मला कळलं नाही. ती हसली. "बरं बाई, मास्तरांचा कान आणि पोपचा शब्द," ती म्हणाली आणि पिशव्या होडीत फेकायला लागली.

अठ्ठावीस तारखेला पहाटे आम्ही निघालो. उत्तरेचा वारा होता, पाठीवरचा, आम्हाला हवा तसा. त्या किनाऱ्यावर शंभर-दीडशे मैल नुसती सरळ वाळू आहे. एक खाडी नाही, एक धक्का नाही, आडोशाला उभं राहावं असा एक खडक नाही. म्हणून पाठीवरचा वारा मिळाला की जो तो देवाचे आभार मानतो. पण तो वारा गरम होता. ऑगस्टात, म्हणजे आमच्याकडच्या थंडीत, समुद्रावर, आम्ही अंगातले स्वेटर काढले. मॉन्तेविदेओत उत्तरेचा वारा सुटला की बायकांची डोकी दुखतात, नवराबायको भांडतात, न्यायाधीश जास्त शिक्षा देतात असं म्हणतात. आणि दोन दिवस तो वाहिला की दक्षिणेकडून काहीतरी येतं हेही प्रत्येकाला माहीत आहे. आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण आमची सांता रोसा येऊन गेली होती ना! त्यामुळे तोच वारा आता नुसता चांगला वारा होता. दार्दो सुकाणूवर बसून गात होता. मला त्याचं गाणं दिसत होतं. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती आणि इलियाना मधूनमधून बारीक आवाजात साथ देत होती; त्यामुळे मला फक्त साथ ऐकू येत होती, गाणं नाही. मी दोरांची टोकं बांधत बसलो. मनात म्हणत होतो, आत्ता सांग. अजून परत फिरता येईल. मग म्हणत होतो, गडगडलं असेलही. कशावरून नसेल? तो उजेड विजेचाच असेल. संध्याकाळपर्यंत मी स्वतःला इतक्यांदा समजावलं की मला ती गडगड आठवायला लागली. तिची दिशाही आठवायला लागली.

एकोणतीसला दुपारी इलियानाने माझ्या हातात माते दिलं. कडू पानांच्या काढ्याची ती तुंबडी आम्ही आळीपाळीने नळीने ओढत होतो. ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही रागावलायत का बाबावर?"

"नाही. का?"

"तो मघापासून तीनदा हाक मारतोय, तुम्ही वळून बघत नाही. माझ्या हाकेला लगेच वळता."

"विचारात होतो ग," मी म्हणालो. तिने तुंबडी परत घेतली, पाणी ओतलं, आणि माझ्या कानाकडे बघितलं. ज्या नजरेने ती घोड्याच्या गुडघ्याकडे बघत असेल त्या नजरेने बघितलं. मला तिचा संताप आला. चोराला पोलिसाचा येतो तसा, स्वच्छ संताप. ती आणखी काही विचारणार होती, तेवढ्यात तिची मान पुढे वळली आणि तुंबडी तिच्या हातून सुटली.

नैर्ऋत्येला, क्षितिजावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढगाची एक लांबलचक गुंडाळी पडली होती. काळी नव्हे, करडी. गुळगुळीत, कुणी हाताने वळल्यासारखी. आणि ती आमच्याकडे लोळत येत होती. तिच्या पोटात उजेड पेटत-विझत होता. दार्दो उभा राहिला. उत्तरेचा वारा एकाएकी मेला, शीड लुळं पडलं आणि समुद्राला तेलकट कळा आली. बापलेक दोघंही माझ्याकडे बघत होते. नंतर मला कळलं की त्या वेळी आकाश सतत गडगडत होतं, इतकं की होडीतल्या ताटल्या वाजत होत्या. मला ताटल्या ऐकू येत होत्या. मी त्या वाजतायत म्हणून आत जाऊन नीट लावायला निघालो होतो.

"शीड उतरवा!" इलियाना ओरडली. अर्ध्याहून जास्त उतरवलं असेल तोच वारा आला आणि होडी पाण्यावर आडवी झाली.

त्या वादळाबद्दल मी दुसऱ्यांसारखं सांगू शकत नाही, कारण मी अर्धंच वादळ ऐकलं. वर डोलकाठीच्या तारा किंचाळत होत्या, त्यांचा आवाज दातांत जात होता. पण समुद्र मुका होता. घराएवढ्या लाटा येत होत्या, त्यांचे शेंडे कोसळत होते, आणि कोसळताना काही होत नव्हतं; मी मान वळवली की लाट तिथे असायची, माझ्या डोक्यावर, न बोलता आलेली. तुमच्या पाठीमागे कुणीतरी दार न वाजवता आत यावं आणि हे सबंध दुपारभर चालावं, तसं. मला वाटलं, माणूस समुद्राला भीत नाही, त्याच्या गुपचूप येण्याला भितो. दार्दो आणि मी एक छोटं तिकोनी शीड बांधलं, सुकाणू एका बाजूला जखडलं आणि होडी वाऱ्याला तोंड देऊन तरंगत ठेवली. मग तिघं केबिनमध्ये फळ्या लावून बसलो. कपडे, बिस्किटं, नकाशा, सगळं एकत्र खाली पाण्यात फिरत होतं. दार्दो माझ्या कानाशी तोंड आणून बोलला. त्याचा श्वास लागला, दाढी लागली. मी मान हलवली. काय म्हणाला ते मला आजही माहीत नाही.

"कसलं दुसरंच वादळ घेऊन बसलायस बाबा," इलियाना ओरडली, त्यावरून मला अंदाज आला. "सांता रोसाच आहे ही! दोन सांता रोसा नसतात!" दार्दोने खांदे उडवले. कुणीही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. त्यांनी दाखवायला हवं होतं. मी नकाशाचा लगदा हातात धरून त्या बापलेकींकडे बघत होतो आणि पहिल्यांदाच नीट, शब्दांत, माझ्या मनात आलं की माझ्या अब्रूसाठी मी या दोघांना मारायला आणलंय. दार्दोला एक ही मुलगी सोडून कुणी नाही. मुलीचं तर सगळंच व्हायचंय. आणि अब्रू तरी कसली, तर पियानो जुळवणाऱ्याच्या कानाची.

तीस तारखेला सकाळी वारा आग्नेयेला फिरला. पावसाचा पडदा इतका दाट की होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, सुकाणूवरून जेमतेम दिसत होती. आग्नेयेचा वारा म्हणजे आम्हाला किनाऱ्याकडे ढकलणारा. दार्दोने हिशेब मांडला, ओल्या कागदावर बोटाने रेघ ओढली. त्याच्या मते किनारा उजव्या हाताला आठेक मैल होता, काबो पोलोनिओचं टोक पुढे कुठेतरी. टोकासमोर तीन खडकाळ बेटं आहेत. त्या बेटांच्या बाहेरून, समुद्राच्या बाजूने गेलं की पुढे ला पालोमाचं बंदर, चार-पाच तासांवर. दिवसा आणि अशा पावसात दीपगृहाचा उपयोग नाही. पण त्या बेटांवर सील असतात, हजारोंनी. आमच्याकडे त्यांना लांडगेच म्हणतात. त्यांच्या नरांचा घोगरा ओरडा मैलभरावरून येतो. या पाण्यात धुक्यापावसात सगळे कोळी लांडगे ऐकतच टोक वळतात.

दार्दोने माझे दोन्ही खांदे धरले, मला आपल्याकडे वळवलं आणि सावकाश, तोंड मोठं उघडून म्हणाला, "मास्तर, पुढे जा. कानोसा घे. लांडगे ऐकू आले की हात वर कर. जिकडून येतील तिकडे दाखव." इलियाना सुकाणूवर होती. मी कमरेचा दोर तारेला अडकवला आणि चार पायांवर सरपटत पुढे गेलो. नाळेवर दोन्ही हातांनी कठडा धरून बसलो. पाऊस तोंडावर खिळ्यांसारखा लागत होता. मी सवयीने डोळे मिटले, मान थोडी डावीकडे कलती केली, बावीस वर्षांपूर्वी केली होती तशी. मागून कुणी बघितलं असतं तर त्याला धीर आला असता. आणि माझ्या समोर काय होतं? काही नाही. तारेची शिट्टी, आणि तिच्याखाली एक भलंमोठं रिकामं घर.

तेव्हा मी ठरवलं. खरंच ठरवलं, हे कुणी मानो न मानो. मी मागे वळलो, एका हाताने कठडा धरून उभा राहिलो आणि दार्दोकडे बघून, होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ओरडलो, "मला ऐकू येत नाही!"

चार महिने छातीवर बसलेला दगड त्या चार शब्दांबरोबर खाली पडला. मला रडू आलं. दार्दो तिथे मागे उभा होता, त्याने ऐकलं, आणि अंगठा वर केला. मग इलियानाकडे वळून त्याने हाताने सरळ पुढे दाखवलं. आहे तेच धरून ठेव. पुढे मोकळं आहे.

मला ऐकू येत नाही. म्हणजे लांडगे नाहीत. दुसरा काय अर्थ होणार होता? नाळेवर कानोसा घ्यायला बसवलेल्या माणसाने ते शब्द उच्चारले की त्यांचा तोच अर्थ. मी आयुष्यात एकदा खरं बोललो आणि माझ्याच तोंडून ते खोटं होऊन बाहेर पडलं. आता फक्त पुन्हा ओरडायचं होतं. तसं नव्हे, दार्दो, मी बहिरा झालोय. किंवा ओरडायचंही नाही, नुसते दोन्ही हात कानांवर ठेवून मान हलवायची. मी तसं केलं नाही. एक लाट गेली. मी स्वतःला म्हणालो, सांगितलं की मी. मी माझ्याकडून सांगितलं. दुसरी गेली. त्यांनी चुकीचं समजून घेतलं तर त्याला मी काय करू? तिसरी, चौथी. मला बरं वाटत होतं, हे सगळ्यात वाईट. सांगितल्याचं पुण्यही मिळालं होतं आणि मास्तरपणही शाबूत होतं. पाचवी लाट जरा लहान आली. सहावी त्याहून लहान. समुद्र निवळतोय असं वाटून मला हायसं झालं, मी देवाचे आभार मानले. सातवी लाट आलीच नाही. पाणी खालीवर उसळत राहिलं, आडोशाला उसळतं तसं. तेवढा आडोसा तिथे कुठून आला हे मला कळायला हवं होतं.

"वास येतोय!" इलियानाची किंकाळी मला स्वच्छ ऐकू आली. "बाबा, लांडग्यांचा वास! डावीकडून येतोय!"

डावीकडून, म्हणजे समुद्राकडून. बेटं आमच्या बाहेरच्या अंगाला होती. आम्ही त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये शिरलो होतो, जिथे कुठलीही होडी शहाणपणाने शिरत नाही. मग मलाही तो वास आला, सडके मासे आणि ओलं कातडं, आणि पावसात डाव्या हाताला काळा खडक दिसला, खडकावर शेकडो ओली तोंडं आमच्याकडे वळलेली, आ वासलेली, सगळी एकदम ओरडत असणार अशी. पुढे पाणी पांढरं होतं. दार्दोने झेप घेऊन सुकाणूला हात घातला, दोघांनी मिळून होडी उजवीकडे वळवली, वाऱ्याच्या पुढे, वाळूच्या रोखाने. वाचायचा तेवढाच रस्ता होता. होडीच्या कण्याखाली काहीतरी लागलं. तो धक्का मला पायांतून आला. दुसऱ्यांदा लागलं तेव्हा डोलकाठी मोडून पडली आणि दार्दो तिच्याखाली होता.

पोलोनिओच्या कोळ्यांनी आम्हाला लाटांतून ओढून काढलं. घोडे पाण्यात घालून, दोर टाकून. 'तेरो' दुपारपर्यंत वाळूवर आपटत राहिली आणि मग तिच्या फळ्या सुट्या सुट्या होऊन किनाऱ्याला लागल्या. तिथल्या बायका त्या गोळा करत होत्या, दारांना, कोंबड्यांच्या खुराड्यांना लागतील म्हणून. सेफेरिनो नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याच्या झोपडीत दार्दोला खाटेवर निजवलं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. इलियानाने दोन फळ्यांमध्ये तो बांधला. "घोडा असतास तर आत्तापर्यंत गोळी घातली असती," ती म्हणाली आणि बापाच्या कपाळावरचा घाम तिने बाहीने पुसला. सेफेरिनोची बायको पाऊस पडत होता म्हणून चरबीत पोळ्या तळत होती. पाऊस पडला की त्या तळायच्याच, घरात बुडता बुडता वाचलेली माणसं असली तरी. तिने एक माझ्या हातात दिली. मी ती घेऊन दारात उभा राहिलो, पाठ त्यांच्याकडे करून.

"कोण म्हणालात, हे मास्तर?" सेफेरिनोची बायको मागे विचारत होती. दार्दो तिला सांगत असणार. कारण ती म्हणाली, "अग बाई! आणि त्यांनासुद्धा नाही ऐकू आलं? एवढा वारा होता म्हणायचा!" म्हणजे तो अजूनही माझी बाजू घेत होता. मोडक्या पायाने, खाटेवर पडून, तो लोकांना सांगत होता की वाराच असा होता, मास्तराचा कानदेखील हरला.

मग इलियाना बोलली. हळू बोलली, मला ऐकू जाऊ नये म्हणून. पण तिचा प्रत्येक शब्द मला येतो.

"वाऱ्याचा काय संबंध, बाबा? सुकाणूवर मला लांडगे ऐकू येत होते. काका नाही म्हणाले म्हणून मी भास समजले. त्यांना खालचं काही ऐकू येत नाही. काल गडगडत होतं तर ते ताटल्या आवरायला निघाले होते."

मागे काही झालं नाही. माझ्यापुरतं काही झालं नाही.

"तुला माहीत होतं?" इलियानाने विचारलं.

पाऊस पत्र्यावरून दोऱ्यांसारखा गळत होता. मी त्याच्याकडे बघत होतो.

"कधीपासून?"

पुन्हा ते रिकामं घर.

"म्हणजे रिओ ग्रांदीत गडगडलं म्हणाले तेव्हाही?" तिचा आवाज आता चढला होता. "तुला निघायचं होतं म्हणून तू चालवून घेतलंस? आणि आज सकाळी? सगळं माहीत असून आज सकाळी तू त्यांनाच पुढे पाठवलंस?"

त्यानंतर दार्दो बोलायला लागला. तो बराच वेळ बोलत होता. सेफेरिनोची बायको मध्येच एकदा "अरे देवा" म्हणाली, तळणीत पोळी उलटल्याचा चुरचुर आवाज आला, इलियानाने नाक ओढलं. या सगळ्याच्या मधून त्याचं ते सांगणं चाललं होतं. मला का पाठवलं त्याचं कारण, मी स्वतः सांगेन म्हणून की मला लाज वाटू नये म्हणून की आणखी कशासाठी, ते सगळं माझ्या पाठीमागे दहा पावलांवर, जगातल्या सगळ्यात खालच्या आवाजात. मी वळलो. जे नाळेवर म्हणायचं होतं ते, या वेळी ज्याचा दुसरा अर्थ होणार नाही अशा शब्दांत, मी म्हणालो, "मी बहिरा झालोय, दार्दो."

त्याने तोंड भिंतीकडे केलं, आणि तसंच भिंतीकडे बघत काहीतरी म्हणाला. दोन किंवा तीन शब्द असतील. दाढी तेवढी हलली.

"काय म्हणाला?" मी इलियानाला विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग ती उठली, बापाच्या पायावरची घोंगडी तिने नीट केली, आणि मला ते सांगितलं नाही.